१४२८५७ : जादूचा नंबर नव्हे, भागाकाराचा हिशेब

सात हिश्श्यांच्या कुर्बानीचा हिशेब करताना मोबाईलवर भागाकार केला असेल, तर हा नंबर तुम्ही पाहिलेला आहे. एक लाख रुपये सातजणांत वाटा : १४,२८५.७१४२८५... रक्कम बदला, पूर्ण भाग गेला नाही तर पॉईंटनंतर तेच सहा अंक फिरून येतात. १, ४, २, ८, ५, ७.

हाच नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर 'चमत्कारी संख्या' म्हणूनही फिरत असतो. चारकोपला आमच्याकडे शिकणारी मुलंही तो मेसेज दाखवतात. आम्ही त्यांना एवढंच सांगतो, पुढे पाठवण्याआधी वही काढा.

आधी गुणाकार करू :

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात वेगळी. तसबीहचे मणी कुठूनही मोजायला घ्या, माळ तीच राहते, तसं. आणि सातने गुणलं की ९९९९९९.

असं का होतं? १ ला ७ ने भागा, शाळेत शिकवतात तसं, शून्य उतरवत. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये चारदा, बाकी २. २० मध्ये दोनदा, बाकी ६. ६० मध्ये आठदा, बाकी ४. ४० मध्ये पाचदा, बाकी ५. ५० मध्ये सातदा, बाकी १. म्हणजे आपण परत सुरुवातीला आलो. सातने भागताना बाकी १ ते ६ एवढीच उरू शकते, आणि इथे सहाही बाक्या एकेकदा येऊन जातात. २ ला ७ ने भागायचं म्हणजे याच चक्रात 'बाकी २' पासून चालायला लागायचं. म्हणून उत्तर २८५७१४. बस, एवढंच गुपित.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. डहाणूत १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. एम.ए., पीएच.डी. काही नाही, पण आकड्यांचं वेड. त्यांनी एका खास प्रकारच्या संख्या शोधल्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. आपला नंबरही त्यातलाच : १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. आज जगभर त्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. इथल्या अनेक गणितज्ञांनी हे काम खेळ समजून बाजूला ठेवलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा दुनियेला नाव कळलं.

'आमच्या मुलीला गणित जमत नाही, दहावीनंतर सोडून देऊ,' असं अम्मी-अब्बू आम्हाला सांगतात. बहुतेक वेळा मुलीला गणित नाही, तर 'का' विचारायची परवानगी मिळालेली नसते. उत्तर मोबाईल देतो; 'का' मात्र वहीतच सापडतं.

या रविवारी मुलांसोबत बसून १, २, ३ यांना १३ ने भागून बघा. तिथे एक नाही, सहा-सहा अंकांच्या दोन माळा निघतात. दोनच का, हे मुलांना शोधू द्या. लगेच सांगून टाकू नका.