बारा व्होल्टचा रोबो आणि बारीक तार

रोबो चालता चालता थांबला किंवा आपोआप रीसेट झाला, की मुलं आधी कोड उघडून बसतात. त्याआधी तारा आणि जोड तपासा, असं मी आवर्जून सांगते. कारण दोष पुष्कळदा तिथेच सापडतो.

‘बाराच व्होल्ट तर आहेत, कुठलीही वायर चालेल,’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. व्होल्ट कमी म्हणजे शॉकची भीती कमी, इतकंच. तार तापते ती प्रवाहामुळे. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ब्रेडबोर्डची जंपर वायर साधारण 28 गेजची असते. वीस सेंटिमीटरच्या अशा जोडीतून, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस सेंटिमीटर तारेतून, 5 अँपिअर गेले तर जवळजवळ 0.4 व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. पिनांच्या सैल जोडांतली घट वेगळीच. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक 4.63 व्होल्टच्या खाली वीज कमी पडल्याचा इशारा देतो. म्हणजे 5 व्होल्टच्या त्याच जोडीवर रास्पबेरी पाय आणि अडकलेले दोन सर्व्हो मिळून एवढा प्रवाह ओढत असतील, तर कोडमध्ये चूक शोधून काय मिळणार? तेवढ्याच लांबीच्या 1 चौरस मिलिमीटर तारेत ही घट 0.04 व्होल्टच्या आसपास राहते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ही वायर मागताना ‘14/0.3’ म्हणा: 0.3 मिलिमीटर जाडीचे चौदा तंतू. एकसंध तार नको, ती हलत्या भागात लवकर तुटते.

पण अँपिअर किती धरायचे? मोटर मोकळी फिरताना मीटरवर दिसतो तो आकडा नव्हे. सुरू होताना किंवा चाक अडकल्यावर प्रवाहाला फक्त मोटरच्या वेटोळ्याचा रोध अडवतो. रोध 2 ओहम असेल, तर 12 व्होल्टवर 6 अँपिअर. मग मोकळी फिरताना ती अर्धा अँपिअर का घेत असेना. वायर, कनेक्टर आणि मोटर ड्रायव्हर या 6 अँपिअरच्या हिशेबाने निवडा.

बॅटरीचा एक्सटी60 कनेक्टर म्हणजे सतत 60 अँपिअर, असंही अनेकांना वाटतं. माहितीपत्रकात सतत प्रवाह 30 अँपिअर दिलेला असतो. 60 हा क्षणभराचा आकडा आहे.

आता सोल्डर. ‘डाग दिला की जोड पक्का’ हे स्थिर सर्किटात खरं आहे. पण डाग देताना वितळलेलं सोल्डर तंतूंमधून वर चढतं, तेवढा भाग ताठर होतो आणि थरथरणाऱ्या रोबोत जिथे ताठरपणा संपतो तिथेच तार वाकून वाकून तुटते. एक्सटी60 ला सोल्डर करावंच लागतं; तिथे हीटश्रिंक घाला आणि तार पुढे बांधून टाका. स्क्रू टर्मिनलमध्ये तर तारेच्या टोकाला सोल्डर लावूच नका. मऊ धातू दाबाखाली हळूहळू पसरतो आणि घट्ट केलेला स्क्रू काही दिवसांत सैल होतो. टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, चढवा, योग्य क्रिम्पिंग टूलने दाबा आणि ओढून पाहा. साध्या पकडीने दाबलेली फेरूल बहुतेक वेळा हातात येते.

बॅटरीच्या बाजूला नेहमी मादी कनेक्टर ठेवा, म्हणजे जिवंत पिना उघड्या राहत नाहीत. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा आणि तो तार सोसेल त्याहून कमी अँपिअरचा घ्या.