काळ्या जमिनीची खोली

जमीन म्हणजे काय, असें शाळेंतील मुलास विचारल्यास तो पायांखालच्या मातीकडे बोट दाखवील. आपणही बहुधा तेंच करूं. परंतु माती हें पृथ्वीचें केवळ वरचें कातडें होय. तें कोठून आलें व किती जाड आहे हें ज्यास कळलें, त्यासच बांधाची खरी किंमत कळेल.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. यास शास्त्रांत बेसाल्ट म्हणतात. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूगर्भांतील तप्त रस भेगांतून वर आला, दूरवर पसरला व थिजला. असें अनेक वेळां घडून थरावर थर बसले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या याच थरांच्या होत. अजिंठा व वेरूळ येथील लेणीं याच पाषाणांत कोरलेलीं आहेत.

सर्व थर सारखे नसतात. सलग, घट्ट खडकांत पाणी मुरत नाहीं. तें चिरांतून, सांध्यांतून व मुरमांतून वाहतें. म्हणून एका विहिरीस झरा लागावा व शेजारची कोरडी राहावी, यांत दैवापेक्षां खडकाचा भाग अधिक असतो.

हाच खडक ऊन, पाऊस, हवा व झाडांचीं मुळें यांच्या योगानें झिजतो. प्रथम मुरूम होतो, मग माती. या पाषाणापासून झालेली चिकण काळी माती ओल फार धरते. पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. उतारावरील माती पाण्याबरोबर खालीं येते, म्हणून माळावर बरड व नदीकांठीं भारी जमीन आढळते. एक इंच माती होण्यास शेंकडों वर्षें लागतात. ती वाहून जाण्यास मात्र थोडे जोराचे पाऊस पुरतात.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां प्रतबंदीचे कागद नित्य पाहण्यांत येत. मुंबई इलाख्यांतील मोजणीच्या १८४७ सालच्या नियमांत जमिनीची प्रत मुख्यतः रंग, पोत व खोली यांवरून ठरविली आहे. पहिल्या जातीची जमीन पावणेदोन हात खोल असल्यास १६ आणे, दीड हात असल्यास १४ आणे, आणि पाव हातच असल्यास साडेचार आणे. म्हणजे उत्तम जमिनीची पाव हात, अर्थात् साडेचार इंच, माती गेली कीं दोन आणे गेले. दप्तरांतील प्रत सहसा बदलत नाहीं. शेतांतील खोली मात्र घटत जाते.

तेव्हां शेतकरी बंधूंनीं यंदा एवढें अवश्य करावें. शेताच्या वरच्या व खालच्या अंगास एकेक खड्डा खणून मुरूम किती हातांवर लागतो तें मोजावें व वहींत टिपून ठेवावें. नांगरट व पेरणी उतारास आडवी करावी. बांध पावसापूर्वीं दुरुस्त करावेत, त्यांवर गवत राखावें, आणि जादा पाण्यास दगडी सांड ठेवावी. मुलांसही त्या खड्ड्याशीं उभें करून थर दाखवावेत. पुस्तकांतील धडा त्यांस तेथें चटकन उमगेल.