टायर आधी, मोटरसायकल नंतर

मोटरसायकलची फ्रेम एरवी इंजिनाभोवती आखतात. इंजिनाची उंची, गेअरबॉक्सची जागा, चेन कुठून जाणार, हे ठरलं की नळ्या त्याभोवती वळवायच्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या चॉपर बांधणाऱ्यांनी हा क्रम उलटा केला. आधी मागचा टायर निवडायचा, जमेल तितका रुंद, आणि मग इंजिनापासून हॅण्डलपर्यंत सगळ्यांना त्याच्या सोयीने बसवायचं. मला हा हट्ट वेडेपणाचा वाटतो. पण तो निभावण्यासाठी फ्रेम बांधणाऱ्यांनी जी अक्कल खर्च केली, तिच्याविषयी मात्र आदर वाटतो.

त्या काळात कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक हार्लेंना मागे १३० मिमीच्या आसपास रुंदीचा टायर असे. कस्टमवाले १८०वर गेले, मग २००, २५० आणि थेट ३००. इंग्लंडमधल्या मेल्कशमच्या एव्हन कंपनीने ३३० मिमीचाही टायर काढला आणि थायलंडच्या व्ही रबरने ३६०चा. टायरवर ‘३००/३५-१८’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, रुंदी ३०० मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के म्हणजे १०५ मिमी, आणि रिम १८ इंची. शाळेतली फूटपट्टी आडवी धरली तर एवढी रुंदी भरते. आपल्या जुन्या बुलेटचा ३.२५-१९ टायर याच्या शेजारी ठेवला तर तो जेमतेम ८३ मिमी.

ही हवा घरोघरी नेली टीव्हीने. लाँग बीचच्या चॉपर बांधणाऱ्या जेसी जेम्सवरचा ‘मोटरसायकल मेनिया’ २०००मध्ये डिस्कव्हरीवर आला आणि २००३पासून चॉपर बांधणाऱ्या टॉयटल बापलेकांच्या भांडणांची ‘अमेरिकन चॉपर’ मालिका नियमित सुरू झाली. ती भांडणं आपल्याकडेही लोकांनी चवीने पाहिली. पडद्यावर दिसायचा तो मागून घेतलेला टायर. त्याच्यापायी पुढे काय काय हलवावं लागलं, ते सहसा दिसत नसे.

मुख्य अडचण डाव्या बाजूला असते. हार्लेच्या मोठ्या व्ही-ट्विनमध्ये इंजिनाची ताकद डावीकडच्या प्रायमरी चेनने क्लचकडे आणि तिथून गेअरबॉक्समध्ये जाते. मागच्या चाकाकडे जाणारा बेल्टही डावीकडूनच, प्रायमरीच्या आतल्या अंगाने निघतो. आता हिशेब करा. ३०० मिमीचा टायर मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला १५० मिमी जातो. त्याच्या पलीकडे थोडी मोकळी जागा सोडायची, कारण वेगात टायर फुगतो, आणि मग बेल्ट. म्हणजे बेल्टचं पुढचं स्प्रॉकेट मध्यापासून १७० मिमीच्या आसपास हवं. नेमक्या त्याच जागेत प्रायमरी ठाण मांडून बसलेली.

पहिला इलाज सोपा होता. बेल्ट अरुंद करायचा, आणि तरी भागलं नाही तर इंजिन नाहीतर गेअरबॉक्स, कधी दोन्ही, डावीकडे सरकवायचे. शंभरेक किलोंचा ऐवज मध्यरेषेवरून हलला की गाडी डावीकडे ओढते. चालवणाऱ्याला सवय होते, हे खरं. पण सरळ रस्त्यावर सतत उजवीकडे किंचित अंग टाकून बसायचं, याला आराखडा म्हणवत नाही.

दुसरा इलाज डोकेबाज. मिशिगनमधल्या बर्ट बेकर यांच्या बेकर ड्राइव्हट्रेन कंपनीने विकलेल्या ‘राइट साइड ड्राइव्ह’ गेअरबॉक्समध्ये ताकद आत शिरते डावीकडून, पण बाहेर पडते उजवीकडून. तिथे प्रायमरी नाही, आडवं येणारं काही नाही. इंजिन मध्यावर, टायर मध्यावर, बेल्ट उजवीकडे. माझ्या मते या सगळ्या फॅशनमधून निघालेली अभियांत्रिकीची सर्वांत नेटकी गोष्ट हीच.

एवढं ठरल्यावर फ्रेमची पाळी. साधारण सव्वा इंच व्यासाची, तीनेक मिमी जाडीची पोलादी नळी घेतात. आत आधाराचा दांडा सरकवून ती वाकवतात, म्हणजे वळणावर चेपत नाही. एक नळी दुसरीला भिडते तिथे टोक माशाच्या तोंडासारखं कोरून घेतात. फट राहिली तर ती वेल्डने बुजवता येते, आणि तीच कच्च्या कामाची खूण. सगळ्या नळ्या जिगमध्ये, म्हणजे त्यांना जागेवर धरणाऱ्या साच्यात, आवळून आधी नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे ठिपके, मारायचे. मग थोडा वेल्ड इकडे, थोडा समोरच्या अंगाला. वेल्ड निवताना आक्रसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलं तर गळ्याची नळी, म्हणजे फोर्क जिथे बसतो ती, तिरकी झालीच म्हणून समजा. मागच्या एक्सल-पट्ट्या समांतर आहेत का, गळा बरोबर मध्यरेषेत आहे का, हे जिगमधून काढण्याआधी आणि काढल्यावर दोन्हीदा मोजतात.

रुंद टायरच्या फ्रेममध्ये खरा ताण येतो गेअरबॉक्सच्या मागे. अरुंद गाडीत खालच्या नळ्या जवळजवळ सरळ एक्सलपर्यंत जातात. इथे त्यांना टायरला वळसा घालण्यासाठी एकदम बाहेर फाकावं लागतं. वाकडी नळी भाराखाली सरळ नळीपेक्षा अधिक लवते, म्हणून तिथे आडवी नळी आणि कोपऱ्यांत पट्ट्या देतात. एक्सलही लांब होतो. तो पाऊण इंचाऐवजी एक इंच जाड केला की त्याचा ताठपणा तिपटीहून अधिक होतो, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो.

मागे एवढं धूड आल्यावर पुढचं चाक डोळ्यांना जवळ खपत नाही. ते लांब न्यायचं, म्हणून गळा आडवा करतात. उभ्या रेषेशी गळ्याचा हा कोन म्हणजे रेक. गळ्याचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो, तिथून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. २१ इंची पुढचं चाक आणि फोर्क गळ्याच्या ६० मिमी पुढे धरा. ३० अंशांच्या रेकला ट्रेल साधारण १३० मिमी येतो, ४० अंशांना २१०. मग हॅण्डल इतकं जड होतं की पार्किंगमध्ये घाम फुटावा. म्हणून गळा ३५ अंशांवर ठेवून उरलेले ५ अंश फोर्कच्या क्लॅम्पमधून काढतात. ट्रेल पुन्हा शंभरच्या आसपास येतो. पण फ्रेम न बदलता ३० अंशांच्या गळ्यावर नुसते ७ अंशांचे क्लॅम्प चढवले, तर ट्रेल ३०-३५ मिमीवर घसरतो आणि वेगात हॅण्डल थडथडायला लागतं. असा जुगाड करणारे सगळीकडे आहेत.

आणि इतकं करून गाडी वळते का? रडतखडत. झुकल्यावर रुंद टायरचा टेकणारा भाग मध्यापासून बाहेर सरकतो. त्यामुळे गाडीला त्याच वळणासाठी जास्त झुकावं लागतं, आणि हॅण्डल सोडलं तर ती उभी राहू पाहते. दोन्ही टायर २०० मिमी रुंद आणि गोल धरले, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरला, तर पातळ चाकाला जिथे ३० अंश पुरतात तिथे ३७ लागतात. ३००चा टायर तर गोलही नसतो, सपाट असतो, आणि पुढे मात्र अरुंद चाक. रुंदी वाढली म्हणून पकड त्याच प्रमाणात वाढते, हाही गैरसमज. पकड रबराच्या जातीवर आणि तापण्यावर अधिक अवलंबून असते.

२००८च्या मंदीत ही हवा ओसरली. चॉपर बनवणारी टेक्सासची अमेरिकन आयर्नहॉर्स कंपनी त्याच वर्षी बुडाली. कॅन्ससची बिग डॉग पुढे थंडावली. टिकली ती मधली रुंदी. ट्रायम्फ रॉकेट थ्री, सुझुकीची इंट्रूडर एम१८००आर, डुकाटी डियाव्हेल, हार्लेची २०१३ची ब्रेकआउट, सगळ्यांना मागे २४० मिमी. कारखान्यांच्या अभियंत्यांना वळणारी गाडी विकायची असते, आणि त्यांचं बोट २४०वर येऊन थांबलं यात माझ्या मते निकाल आला.

आपल्याकडे मुंबईच्या ‘वर्देंची’ने एनफील्डची इंजिनं घेऊन रुंद टायरचे चॉपर बांधले. बुलेटचीही प्रायमरी आणि चेन दोन्ही डावीकडेच, त्यामुळे जागेचं भांडण तेच. अमेरिकेत घरी बांधलेल्या गाडीची वेगळी नोंदणी करता येते. इथे मात्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल वाहनात करता येणार नाही. त्यामुळे कुणी फ्रेम कापून ३००चा टायर बसवून देतो म्हणाला, तर पैसे देण्याआधी आरटीओत चौकशी करा. गाडीचा चेसिस नंबर त्याच फ्रेमवर ठोकलेला असतो.