टीपॉयची घडण



दिवाणखान्यांत खुर्चीशेजारीं जो लहानसा टीपॉय असतो, त्याच्या नांवांतच एक गंमत आहे. तीन पायांची ती तिपाई. आपल्या मराठींत तिलाच तिवई म्हणतात. हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रजांनीं हा शब्द उचलला. त्याच्या पहिल्या अक्षरांत त्यांस आपला चहा ऐकूं आला, आणि एकोणिसाव्या शतकांत विलायतेंत चहाची पेटी ठेवावयाच्या मेजासही तेंच नांव पडलें. पुढें तो शब्द साहेबी पोशाख करून आपल्या घरीं परत आला, आणि येतांना एक पाय वाढवून आला! आजचा टीपॉय बहुधा चार पायांचा असतो. तो घरच्या घरीं, हातानें, कसा घडवावा आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट तशीच कां करावी, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम लांकूड. आपल्याकडे सागासारखें लांकूड नाहीं. चंद्रपूर-गडचिरोलीकडील साग तर प्रसिद्धच आहे. सागांत नैसर्गिक तेल असल्यामुळें वाळवी व पाणी यांपुढें तो टिकाव धरतो. मात्र त्यांत वाळूच्या जातीचा एक अंशही असतो; त्यामुळें रंध्याचें पातें लवकर बोथट होतें. म्हणून सागावर काम करणारानें धार लावण्याचा दगड हाताशीं ठेवावा. फळी घेतांना गाभ्याची, तपकिरी रंगाची घ्यावी; कडेचा पांढुरका भाग कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊं नये, कारण कीड प्रथम तेथें लागते.

लांकूड तोडलें म्हणजे तें मेलें, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. तोडल्यानंतर शंभर वर्षांनींही तें हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि सोडतें. त्याबरोबर फुगतें आणि आकसतें. पण सर्व बाजूंनीं सारखें नाहीं. लांबींत हा फरक जवळजवळ शून्य असतो; जो होतो तो रुंदींत. त्यांतही खोडाच्या वर्तुळांना स्पर्श करणाऱ्या दिशेनें सागाची फळी जितकी आकसते, त्याच्या निम्म्याहून कमी ती मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या दिशेनें आकसते. हिशेबच करून पाहूं. स्पर्शरेषेनें कापलेल्या फळ्यांचा १६ इंच रुंद पृष्ठभाग वैशाखाच्या कोरड्या हवेंतून आषाढाच्या दमट हवेंत आला, आणि त्याचा ओलावा शेंकडा ६ नें वाढला, तर तो सुमारें दीड सूत रुंद होतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड सूत ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे, असें आपणांस वाटेल. पण त्या फळीला खिळ्यांनीं चोहोंकडून जखडून टाका. ती तुमचा खिळा मानणार नाहीं, स्वतः फाटेल. पुष्कळ टीपॉयच्या मध्यावर जी लांब चीर दिसते, तिचें कारण हेंच.

आतां मापें घेऊं. उंची २० इंच, वरचा पृष्ठभाग १६ इंच चौरस व पाऊण इंच जाड. पाय दीड इंच चौरस. पायांना जोडणाऱ्या चार आडव्या पट्ट्या ३ इंच रुंद व पाऊण इंच जाड. पृष्ठभाग चारी बाजूंनीं एकेक इंच बाहेर ठेवला, म्हणजे खालचा सांगाडा १४ इंचांचा होतो. त्यांतून दोन पायांचे ३ इंच वजा जातां पट्टी ११ इंच दिसेल. आणि दोन्ही टोकांस एकेक इंचाचें कुसूं हवें, म्हणून ती १३ इंच कापावी. शाळेंतल्या मुलांना वजाबाकी रुक्ष वाटते. तिचें उत्तर लांकडांत कापावयाचें असलें म्हणजे ती रुक्ष राहत नाहीं!

कुसूं म्हणजे पट्टीच्या टोकाशीं काढलेली जीभ. ती पायांतील खांचेंत बसते. टीपॉयचें सारें बळ या सांध्यांत असतें. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या एकतृतीयांश, म्हणजे येथें दोन सूत, ठेवावी. त्याहून जाड केलें तर पाय कमजोर होतो, आणि बारीक केलें तर कुसूंच मोडतें. खांच पटाशीनें आधीं मारावी व कुसूं मागाहून करवतीनें कापावें, कारण कुसूं छिलून खांचेला जुळवितां येतें, पण मोठी झालेली खांच लहान करतां येत नाहीं. पाय वरच्या टोकाशीं इंचभर लांब ठेवावा. नाहींतर पटाशीच्या घावानें टोंक फुटतें. काम संपल्यावर तो इंच कापून टाकावा. एका पायांतील दोन खांचा आंत एकमेकींस भेटतात, म्हणून कुसवांचीं टोकें तिरपीं कापावींत. सांधा हाताच्या दाबानें बसला पाहिजे. हातोड्यानें ठोकावा लागला तर तो घट्ट आहे, आणि आपोआप गळून पडला तर सैल आहे.

सरस लावण्यापूर्वीं सांध्याच्या जागा रंध्यानें किंवा पटाशीनें ताज्या करून घ्याव्या, कारण सागाचें तेल वर आलें म्हणजे सरस धरत नाहीं. सांगाडा जुळला कीं त्याला दोरीचे वेढे द्यावे, दोरींत काठी घालून पीळ भरावा. महागड्या शिकंजाचें काम होतें. मग दोन्ही कर्ण मोजावे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तर चारी कोन काटकोन. भूमितींतला हा सिद्धांत इयत्ता संपल्यावर निरुपयोगी होतो असें ज्यांस वाटतें, त्यांनीं तो येथें पाहावा. कर्णांत फरक पडला तर सरस ओला आहे तोंच सांगाडा लांब कर्णाच्या दिशेनें दाबून सरळ करावा.

आतां त्या चौथ्या पायाची गोष्ट. तीन बिंदूंतून एक पातळी नेहमीं जाते. म्हणून तिवई ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाहीं. चौथा बिंदु त्याच पातळींत येईलच असें नाहीं. याकरितां टीपॉय सपाट फरशीवर ठेवून डगमगणाऱ्या पायाखालीं पुठ्ठ्याचे तुकडे सारावे व तो स्थिर करावा. मग एका लांकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी ठेवून, फरशीपासून एकाच उंचीवर चारी पायांभोंवतीं रेघ ओढावी आणि त्या रेघेवर कापावें. एका पायाला अंदाजानें तासूं लागलें तर चारी पाय आळीपाळीनें आखूड होत जातात, आणि टीपॉयचा पाट होतो!

पृष्ठभाग सांगाड्यावर खिळ्यांनीं किंवा सरसानें बसवूं नये. आडव्या पट्ट्यांच्या आंतल्या अंगास एक चर पाडावी. लहान लांकडी गुटके करून त्यांची जीभ त्या चरींत सरकवावी, आणि गुटके तेवढे स्क्रूनें पृष्ठभागाला खालून आवळावे. ज्या दिशेनें फळी फुगते, त्या दिशेला गुटका व पट्टी यांमध्यें सूतभर मोकळी जागा ठेवावी. असें केलें म्हणजे फळी जागेवर धरलेली असते, पण बांधलेली नसते.

शेवटीं पॉलिश. कांचकागद प्रथम १२०, मग १८० व २४० अंकाचा, नेहमीं तंतूंच्या दिशेनें फिरवावा. चपडी लाखेचें पॉलिश हें खास आपल्या देशचें. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर राहणारा किडा ही लाख तयार करतो. पाव लिटर स्पिरिटांत ६० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळावा, आणि मलमलींत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानें पातळ थर द्यावे. दमट हवेंत हें पॉलिश पांढरें पडतें, म्हणून पावसाळ्यांत देऊं नये. गरम कपाचा वळाही त्यावर उमटतो. ज्या टीपॉयवर रोज चहा ठेवावयाचा, त्याला जवसाचें तेल बरें: चोळावें, पाव तासानें पुसावें, दुसरे दिवशीं पुन्हां; असे तीन हात पुरेत. खालच्या बाजूसही तितकेच हात द्यावे, नाहींतर एकाच बाजूनें ओलावा शिरून फळी वांकते. आणि एक सूचना विसरूं नये: तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोंपऱ्यांत टाकूं नये. तें तेल वाळतांना उष्णता निर्माण करतें. ती आंत कोंडली तर चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या दोरीवर एकेक पसरून वाळवाव्या.

हें सारें करावयाचें कशाला, बाजारांत तयार टीपॉय मिळत नाहीं काय? मिळतो. पण लांकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा टीपॉय एकदां पाणी प्याला म्हणजे फुगतो, आणि पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनें हस्तव्यवसायांतून शिक्षण देण्याचा विचार मांडला. आपण सुशिक्षितांनीं त्याची वाखाणणी केली, आणि मुलांच्या हातांत मात्र पुस्तकांखेरीज कांहीं दिलें नाहीं. ज्यानें एकदां स्वतः खांच मारून पाहिली, तो दारीं आलेल्या सुताराशीं मजुरीसाठीं घासाघीस करतांना दहा वेळां विचार करील. एवढें जरी साधलें, तरी टीपॉय थोडा वांकडा झाला म्हणून कांहीं बिघडत नाहीं.

ज्यांना घडविण्यास सवड नाहीं त्यांनीं निदान विकत घेतांना एक करावें. वरच्या चकाकीवर हात फिरवूं नये. टीपॉय उलटा करावा आणि खालून पाहावें. सांध्यांत कुसूं आहे कीं नुसता खिळा, फळी मोकळी आहे कीं जखडलेली, खालीं पॉलिश आहे कीं नाहीं, हें तेथें कळतें. कारागिरानें जें कोणी पाहणार नाहीं तेथें जें केलें असेल, त्यावरच त्याची व त्याच्या कामाची किंमत करावी. इतकें सांगून आपली रजा घेतों.