रेशमाचा दोरा, सुतळीचा दोरा

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला, हे शाळकरी पोरही झोपेत सांगेल. ही तारीख इंग्रजी हिशेबाची. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या वेळी रायगडावर हजर होता आणि त्याच्या लेखी तो दिवस ६ जूनचा होता. गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या लेखी मात्र त्याच दिवशी १६ जून उजाडला होता. तिथी एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, तारखा दोन.

या दहा दिवसांच्या फरकामागे पोप आहेत. जुनं ज्युलियन कॅलेंडर सूर्याशी जुळेनासं झालं होतं, म्हणून तेराव्या ग्रेगरींनी १५८२ मध्ये ते दुरुस्त केलं. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. स्पेन आणि पोर्तुगालने ही सुधारणा लगेच उचलली. प्रोटेस्टंट इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत, म्हणजे १७० वर्षं, ढिम्म हललं नाही. गणित बरोबर होतं, पण सही रोमची होती ना! मराठ्यांच्या इतिहासाची साधनं चाळताना आजही अभ्यासकांना इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांच्या तारखा जुळवून घ्याव्या लागतात. या निमित्ताने पोपबद्दलचे काही रूढ समज तपासून पाहू.

‘पोपचा शब्द म्हणजे युरोपात शेवटचा शब्द’

पोपच्या आज्ञापत्राला ‘बुल’ म्हणतात. बैलाशी त्याचा संबंध नाही. पत्राखाली लोंबणाऱ्या शिशाच्या मोहरेला लॅटिनमध्ये ‘बुल्ला’ म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. मोहरेच्या एका बाजूला संत पीटर आणि संत पॉल यांचे चेहरे, दुसऱ्या बाजूला त्या वेळच्या पोपचं नाव. मोहोर ओवायच्या दोऱ्यालाही अर्थ होता. पत्रातून सवलत किंवा कृपा मिळत असेल, तर दोरा लाल-पिवळ्या रेशमाचा. हुकूम असेल, तर साधी सुतळी.

पोपच्या सत्तेचा इतिहास मला या दोन दोऱ्यांत दिसतो. राजाला हवं ते देणारा कागद बिनबोभाट चाले. राजाला नको ते सांगणारा कागद वाटेत कुठेतरी अडे.

पोपच्या सत्तेचं उदाहरण म्हणून सगळे सांगतात तो कानोसाचा प्रसंग घ्या. जानेवारी १०७७. जर्मन राजा चौथा हेन्री तीन दिवस बर्फात, अनवाणी, किल्ल्याच्या दाराशी क्षमा मागत उभा आणि आत पोप सातवे ग्रेगरी. चित्र इथेच थांबवलं की पोप सर्वशक्तिमान ठरतात. पण पुढच्या सात वर्षांत पारडं फिरलं. १०८४ मध्ये त्याच हेन्रीने रोम घेतलं, आपल्या मर्जीतला पोप बसवला आणि त्याच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घालून घेतला. ग्रेगरी दुसऱ्या वर्षी सालेर्नोला, रोमपासून दूर, वारले.

१५७० मध्ये पाचव्या पायसनी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला धर्मबहिष्कृत केलं आणि तिच्या प्रजेला राजनिष्ठेतून मोकळं केलं. राणीने त्यानंतर आणखी ३३ वर्षं राज्य केलं.

‘पोपने जग दोघांत वाटून टाकलं’

अर्धं खरं. सहाव्या अलेक्झांडरनी १४९३ मध्ये अटलांटिकातून एक रेघ आखून पश्चिमेकडचा मुलूख स्पेनला दिला. हे पोप स्वतः स्पेनमधले. पोर्तुगालला रेघ पटली नाही. दोन्ही राजदरबारांनी वर्षभरातच, १४९४ मध्ये, तोर्देसियासला समोरासमोर बसून ती बरीच पश्चिमेला सरकवली. या नव्या तहावर रोमची संमती आली ती थेट १५०६ मध्ये. वाटणी भावाभावांनी उरकल्यावर तलाठ्याने नोंद करावी, तसा प्रकार.

‘गोव्यात जे झालं ते पोपच्या हुकमावरून’

हा गैरसमज आपल्याकडे जास्त, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

पूर्वेकडे चर्चं बांधायची, पाद्री पाठवायचे, त्यांचा खर्च भागवायचा, ही जबाबदारी पोपनी पोर्तुगालच्या राजाकडे सोपवली होती. बदल्यात बिशप कोण व्हावा, हे सुचवायचा हक्क राजाला मिळाला. या व्यवस्थेचं नाव पाद्रोआदो. अस्सल रेशमाच्या दोऱ्याचं प्रकरण. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, याच साच्यातलं. पोर्तुगालमध्ये असं न्यायालय असावं म्हणून राजा तिसरा जुआंव रोमच्या मागे लागला आणि तिसऱ्या पॉलनी १५३६ मध्ये परवानगी दिली. गोव्यात ते १५६० मध्ये आलं. त्या काळी पोर्तुगालचा मुख्य इन्क्विझिटर होता त्याच राजाचा भाऊ, कार्डिनल हेन्री. १७७४ मध्ये हे न्यायालय लिस्बनने बंद केलं, १७७८ मध्ये पुन्हा उघडलं आणि १८१२ मध्ये कायमचं मोडीत काढलं. म्हणजे दोर राजाच्या हाती होता. यावरून रोमने हात झटकावेत, असं मात्र मी म्हणणार नाही. मोहोर दिली, ती त्यांनीच.

पण दिलेला हक्क परत घेणं किती अवघड, हे रोमला लवकरच कळलं. १६२२ मध्ये पोपनी धर्मप्रसाराचं स्वतःचं खातं काढलं. त्याच्या लॅटिन नावात ‘प्रोपगंडा’ हा शब्द होता. आज आपण तो शिवीसारखा वापरतो. या खात्याला दिवाडी बेटावरचा एक माणूस सापडला: मातेउस द कास्त्रो. ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुळातला. गोव्याच्या आर्चबिशपकडून त्याला पुरोहितदीक्षा मिळेना, म्हणून हा पठ्ठ्या थेट रोमला पोचला. तिथे दीक्षा मिळाली, आणि १६३७ मध्ये रोमने त्याला बिशप करून आदिलशाही मुलखासाठी परत पाठवलं. गोव्यातल्या पोर्तुगिजांनी त्याचा अधिकार मानला नाही. तेव्हा त्याने मुक्काम ठोकला डिचोलीला, म्हणजे विजापूरच्या हद्दीत. पोपने नेमलेल्या बिशपला ख्रिस्ती राजाचा जाच आणि आसरा मुसलमान सुलतानाच्या राज्यात! शेवटी तो रोममध्येच वारला.

हे भांडण मुंबईतही पोचलं. पिढ्यान्‌पिढ्या काही चर्चं पाद्रोआदोची आणि काही थेट रोमच्या ताब्यातली, अशी एकाच शहराची वाटणी चालली. ती संपली १९२८ मध्ये.

‘पोप चुकतच नाहीत, असं कॅथलिक मानतात’

नाही. पोपही पापनिवेदनाला बसतात. ते भूगोल, राजकारण किंवा हवामानाबद्दल जे बोलतात, त्याला ही हमी लागू नाही. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने ठरवलं ते एवढंच: श्रद्धा किंवा नीती यांबद्दलचा एखादा सिद्धांत पोपनी सर्व चर्चसाठी, आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने जाहीर केला, तर तो निर्दोष. त्यानंतर हा अधिकार अशा औपचारिक रीतीने वापरला गेला तो एकदाच, १९५० मध्ये. बाराव्या पायसनी मरियेचं सदेह स्वर्गारोहण तेव्हा सिद्धांत म्हणून घोषित केलं.

गंमत अशी, की हा ठराव १८ जुलै १८७० ला मंजूर झाला आणि २० सप्टेंबरला इटलीच्या फौजा तटबंदी फोडून रोममध्ये घुसल्या. हजार वर्षांहून जुनं पोपचं राज्य बुडालं. आज दिसतं ते ४४ हेक्टरांचं व्हॅटिकन १९२९ मध्ये मुसोलिनीशी झालेल्या करारातून जन्मलं. ते प्राचीन वाटतं ते इमारतींमुळे.

थोडी किरकोळ सफाई

गॅलिलिओला पोपने जाळलं नाही. १६३३ च्या खटल्यानंतर त्याला नजरकैदेत ठेवलं आणि १६४२ मध्ये तो तिथेच वारला. जाळलं ते जोर्दानो ब्रूनोला, १६०० मध्ये. एक बाई पुरुषवेशात पोप झाली, ही कथा तिच्या मानलेल्या काळानंतर काही शतकांनी लिहिली गेली. त्या काळाचा पुरावा नाही. पोप व्हायला कार्डिनल असावंच लागतं, असा नियम नाही, पण कार्डिनल नसलेला शेवटचा पोप १३७८ मध्ये निवडला गेला.

मतदानाला मात्र कार्डिनलच लागतो, आणि तोही ऐंशीच्या आतला. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस वारले, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी चार महिन्यांपूर्वीच ऐंशी ओलांडली होती. त्यांचा हक्क गेला. सिस्टिन चॅपेलची दारं ७ मे रोजी बंद झाली तेव्हा आत १३३ जण होते. त्यांत एक होते फिलिप नेरी फेर्रांव. जन्म हळदोण्याचा, पद गोव्याचे आर्चबिशप, म्हणजे दिवाडीच्या कास्त्रोला जिथून दीक्षा मिळाली नव्हती, तीच गादी.