जुन्या मोटारीचा लहरी ‘एसी’

बारामतीहून इंदापुरास जाणारा रस्ता भवानीनगर, लासुर्णें, निमगांव केतकी यांवरून जातो. अंतर सुमारें ५० किलोमीटर. हा मुलूख पर्जन्यछायेंतला; मे महिन्यांत दुपारचें तपमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातें. अशा उन्हांत जुन्या मोटारींतला एसी बारामतीस गार वारा देतो, लासुर्ण्यापुढें कोमट होतो, आणि इंदापुरांत घटकाभर थांबून निघावें तों पुन्हां गार! मागें बसलेल्या वृद्धास किंवा तान्ह्या मुलास ही थट्टा सोसत नाहीं. घरचे म्हणतात, यंत्र लहरी झालें. परंतु यंत्राला लहर नसते, कारण असतें; आणि तें कोणत्या वेळीं प्रकट होतें हें पाहणें म्हणजे अर्धें निदान होय.

एसीचा व्यापार थोडक्यांत असा : कॉम्प्रेसर गॅस दाबतो. तो तप्त गॅस मोटारीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरमध्यें आपली उष्णता बाहेरच्या हवेस देऊन द्रवरूप होतो. पुढें अरुंद झडपेंतून सुटतांच तो अतिशय थंड होतो, आणि डॅशबोर्डामागील कूलिंग कॉईलमध्यें उकळतांना आंतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. हें चक्र बंदिस्त आहे. पेट्रोलाप्रमाणें गॅस जळून संपत नाहीं; तो उणा झाला असेल तर कोठें तरी गळती आहे. ती न शोधतां दर उन्हाळ्यांत गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. शिवाय पुष्कळ जुन्या मोटारींतला आर-१३४ए हा गॅस तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता वातावरणांत कोंडतो.

आतां लक्षणें पाहूं. वाऱ्याचा झोतच हळूहळू मंदावत असेल, तर कॉईलवर बर्फ धरला आहे असें समजावें. एसी बंद करून पंखा चालूं ठेवावा. पंधरा-वीस मिनिटांत गाडीखालीं पुष्कळ पाणी ठिबकून झोत पूर्ववत् झाला, तर तर्क खरा. कॉम्प्रेसर वेळेवर न थांबविणारा सेन्सर, धुळीनें भरलेला फिल्टर किंवा थोडा उणा गॅस हीं त्याचीं कारणें. त्यांतलें कोणतें, हें गॅसचा दाब मोजल्यावांचून ठरवूं नये.

झोत तोच, पण गारवा एकाएकीं गेला, तर कॉम्प्रेसरचा क्लच पाहावा. पट्ट्यावरची पुली फिरते, पण तिच्यापुढील चकती स्थिर असते. वर्षानुवर्षें झिजून मधली फट वाढते. कॉईल तापली कीं तिचें चुंबकत्व मंदावतें, आणि चकती ओढली जात नाहीं. निवल्यावर सर्व ठीक! त्याच क्षणीं क्लचच्या तारेंत १२ व्होल्टांच्या आसपास दाब मिळाला, तर बहुधा दोष क्लचचा. न मिळाल्यास रिले, प्रेशर स्विच किंवा सैल जोड तपासावा. मात्र फिरत्या पट्ट्यापासून हात व पदर दूर असावेत.

धांवतांना गार, परंतु बारामतीच्या भिगवण चौकांतल्या गर्दींत थांबतांच कोमट, असें असेल तर कंडेन्सरचा पंखा किंवा त्याची जाळी दोषी. गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॅक्टरांमागून चाललेल्या मोटारीच्या जाळींत धूळ व पाचटाचे तुकडे अडकतात. त्याचें फळ उन्हाळ्यांत भोगावें लागतें. कित्येकदां हलक्या धारेच्या पाण्यानें जाळी धुणें एवढाच उपाय पुरतो.

वैद्याच्या दारीं पोंचेपर्यंत ताप उतरावा, तसा हा दोष गॅरेजच्या दारांत नाहींसा होतो. म्हणून वाटेंतच चिठ्ठीवर तीन गोष्टी टिपाव्यात : किती वेळानें गारवा गेला, झोत कमी झाला कीं नाहीं, आणि मोटार तेव्हां धांवत होती कीं उभी. ही चिठ्ठी हातीं असली, तर कारागिरास अंधारांत चांचपडावें लागत नाहीं, आणि यजमानास नको असलेल्या गॅसचे पैसे मोजावे लागत नाहींत.