सायकलस्वारांचे अपघात व उपचारखर्च

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्गावर फैजपूरजवळ केळीचे ट्रक व शेतमजुरांच्या सायकली एकाच रस्त्याने जातात. डोक्यास मार लागल्यास पहिला तास मोलाचा असतो. तरीही चौकशीच्या भीतीने बघे मागे राहतात. वास्तविक २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात (कलम १३४-अ) मदतकर्त्यास संरक्षण मिळाले आहे. मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीस, सायकलस्वारासही, नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. मात्र खड्ड्यात सायकल घसरून पडलेल्यास हा लाभ नाही. अशा गरीब रुग्णांसाठी धर्मादाय रुग्णालयाचा निर्धन रुग्ण निधी व देणगीदारांचे दातृत्व हाही एक आधार होय. सायकलीस मागे लाल रिफ्लेक्टर अवश्य लावावा, ही कुटुंबीयांस नम्र विनंती.